आमची वाटचाल आणि मापांची वही

आमच्या संगणक बांधणीच्या कार्यशाळेत जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात देण्याघेण्याचा हिशेब नाही, केवळ मापे आहेत. कोणत्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरपासून बाजूच्या पॅनेलपर्यंत प्रत्यक्षात किती जागा मिळते, कोणत्या मदरबोर्डवर (सर्व भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) पहिला स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या सावलीत येते, कोणत्या ग्राफिक्स कार्डाची वीजजोडणी कार्डाच्या कडेबाहेर किती येते, अशा नोंदी तिच्यात २०११ पासून आहेत, आणि त्याच वर्षी आम्ही दोघा भागीदारांनी ग्राहकाच्या गरजेप्रमाणे संगणक बांधून देण्याचा हा व्यवसाय सुरू केला. त्या वहीतील पहिली साठ पाने आज आमच्या प्रतिस्पर्ध्याकडेही आहेत. ती तेथे कशी गेली हे सांगितल्याशिवाय आमची वाटचाल लिहून पूर्ण होणार नाही.

या धंद्यातील माणसाला वेगळे सांगायला नको की खोक्यावर छापलेले माप खोटे नसले तरी पुरेसे नसते. नॉक्टुआ या उत्पादकाचा एनएच-डी१५ हा दुहेरी मनोऱ्याचा कूलर २०१४ मध्ये आला तेव्हा आम्ही तो लगेच मागवला. त्याची उंची १६५ मिलिमीटर, रुंदी १५० मिलिमीटर आणि दोन पंख्यांसह वजन १३२० ग्रॅम. कॅबिनेटवर १७० मिलिमीटरचा कूलर चालेल असे छापलेले होते, म्हणून ग्राहक निश्चिंत होते. परंतु पुढचा पंखा रॅमच्या, म्हणजे बोर्डावर उभ्या बसणाऱ्या स्मृतीच्या पट्ट्यांच्या, डोक्यावर येतो आणि त्याच्याखाली ३२ मिलिमीटरच जागा असते. ग्राहकांनी आणलेल्या रॅमवर शोभेचे धातूचे आवरण होते आणि तिची उंची ४४ मिलिमीटर भरली. पंखा बारा मिलिमीटर वर सरकवावा लागला, एकूण उंची १७७ झाली आणि पॅनेल लागेना. त्या दिवशी व्हर्नियर कॅलिपरने माप मी घेतले आणि वहीत उतरवले भागीदारांनी, कारण त्यांचे अक्षर सुरेख होते. पुढे वही कोणाची या वादात हे अक्षरच त्यांचा पुरावा ठरले.

त्याच वर्षी आमच्याकडे एक ताई आल्या, ज्या वास्तुरचनेची त्रिमितीय चित्रे तयार करतात. त्यांना जीटीएक्स ७८० ची दोन ग्राफिक्स कार्डे आणि तोच मोठा कूलर एकाच यंत्रात हवा होता, कारण त्यांचे रेंडर, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याचे काम, रात्रभर चालत आणि प्रोसेसर व कार्डे दोन्ही पूर्ण ताकदीने राबत. हे यंत्र बांधताना आम्हांला जे शिकायला मिळाले ते त्यापूर्वीच्या तीन वर्षांत मिळाले नव्हते. त्या मदरबोर्डवर वरचे कार्ड आणि कूलरची खालची कड यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटर अंतर राहत होते. पंखा धरून ठेवणाऱ्या तारेची चाप नेमकी त्याच फटीत उतरत होती. कार्डाच्या मागच्या बाजूला बॅकप्लेट, म्हणजे झाकणारी पाटी, नव्हती, सोल्डरची टोके उघडी होती आणि कॅबिनेट थोडे हलले तरी तार त्या टोकांना टेकेल अशी स्थिती होती. यंत्र तसेच सुरू केले असते तर कदाचित महिनाभर चाललेही असते. आम्ही चाप काढली, तिच्या वाकलेल्या भागावर कॅप्टॉनची वीजरोधक पट्टी दोन वेढे गुंडाळली, पंखा पुन्हा बसवला आणि फटीतून साधा कागद फिरवून पाहिला. तो कोठेही न अडकता बाहेर आला, तेव्हाच वीज दिली.

दुसरी अडचण कार्ड काढण्याची होती. स्लॉटच्या टोकाला जो खटका असतो तो कूलर बसल्यावर बोटांच्या आवाक्यात राहत नाही, आणि पेचकसाने दाबायला गेले की तो निसटून मदरबोर्डवरील बारीक रेषा खरवडतो. यासाठी मी बांबूची एक पट्टी तासून घेतली आहे, साधारण वीतभर लांब, टोकाला चपटी आणि किंचित खाच असलेली. ती आजही हत्यारांच्या पेटीत पहिल्या कप्प्यात असते. तिच्या शेजारी चुंबकीय टोकाचा लांब दांड्याचा पेचकस असतो, कारण दुहेरी मनोऱ्याच्या कूलरचे स्क्रू मधला पंखा काढून दोन मनोऱ्यांच्या मधल्या खोलीत जाऊन आवळावे लागतात आणि आखूड पेचकस तेथे पोहोचतच नाही. हे स्क्रू एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असे कधीही करू नये. दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे, असे करीत न्यावे, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सारखी पसरते. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल कूलरच्या आधी ओढून ठेवावी, कारण ती जोडणी मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि कूलर बसला की तेथे हात जात नाही. कूलरच्या तळाचा पारदर्शक कागद काढला का, हे दुसऱ्या माणसाने तपासावे, ज्याने बसवला त्याने नव्हे. नवीन माणसे हे ऐकून घेतात आणि पहिल्याच आठवड्यात विसरतात, म्हणून येथेही लिहून ठेवतो.

ताईंचे यंत्र चालले, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढच्या दीड वर्षात आमच्याकडे रेंडरची बरीच कामे आली.

भागीदार २०१६ मध्ये वेगळे झाले. त्यांचे म्हणणे असे की एका यंत्रावर आम्ही दोन दिवस घालवतो आणि त्या वेळात तीन यंत्रे बाहेर पडली पाहिजेत. माझे म्हणणे असे की पहिल्या दिवशी यंत्र बांधावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला पूर्ण भार देऊन तापमान पाहत बसावे, कारण दोष तेव्हाच दिसतो. या मतभेदात वाईट काही नव्हते. परंतु जाण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी वहीच्या साठ पानांची छायाचित्रे काढून नेली, आणि मला ते कळले ते त्यांच्याच एका ग्राहकाच्या दरपत्रकातून. त्यात ‘रॅमच्या उंचीनुसार पंखा वर, पॅनेल तपासणे’ हे वाक्य जसेच्या तसे होते, शब्दांच्या त्याच क्रमाने. ते मला म्हणाले, “दादा, अक्षर माझे आहे.” अक्षर त्यांचे होते हे खरे आहे. परंतु प्रत्येक माप कॅलिपर हातात धरून मी घेतले होते, आणि त्यांपैकी कित्येक ग्राहकाचे यंत्र रात्री उशिरा पुन्हा उघडून घेतलेली होती. त्यांनी मागितली असती तर मी वही दिली असती. न मागता नेली, याचे शल्य अजून आहे.

यानंतर आला तो प्रसंग, ज्यात आमचा व्यवसाय जवळजवळ बंद पडला. २०१७ च्या अखेरीस एका चलच्चित्र निर्मिती संस्थेने आम्हांला चौदा यंत्रांचे काम दिले. प्रत्येक यंत्रात जीटीएक्स १०८० टीआयची दोन कार्डे, म्हणजे कार्डांचीच वीज ५०० वॅट, आणि वर मोठा हवेचा कूलर. आम्ही मुद्दाम ब्लोअर पद्धतीची कार्डे घेतली, कारण ती आपली गरम हवा कॅबिनेटच्या मागून बाहेर टाकतात. मोकळ्या पंख्यांची कार्डे ती हवा आतच सोडतात, आणि मग वरचे कार्ड खालच्याची झळ खाते. चौदाही यंत्रे आम्ही दोन दोन दिवस चालवून पाहिली. जानेवारी २०१८ मध्ये ती मालवाहतुकीने रवाना झाली.

चौदांपैकी नऊ यंत्रे मोडून पोहोचली. त्यांतील पहिले पॅनेल संस्थेच्या कार्यालयात मी स्वतः उघडले. कूलर एका बाजूला कलला होता, वरचे कार्ड स्लॉटसह उखडून खालच्या कार्डावर पडले होते, आणि स्लॉटचे काळे प्लास्टिक मधोमध फाटून त्याच्या पिना कंगव्याच्या तुटक्या दातांसारख्या उभ्या होत्या. कारण स्पष्ट होते. उभ्या कॅबिनेटमध्ये कूलर मदरबोर्डमधून आडवा बाहेर आलेला असतो. सव्वा किलोहून अधिक वजन बोर्डापासून सात-आठ सेंटीमीटर अंतरावर लोंबते, आणि खोके हातभर उंचीवरून आपटले तर त्या झटक्याने बोर्डावर पडणारा ताण वजनाच्या कित्येक पट होतो. कार्डांचेही तसेच, कारण त्यांची मागची कड स्क्रूंनी धरलेली असते आणि पुढचे टोक मोकळे. खोक्यांवर ‘ही बाजू वर’ असा बाण आम्हीच काढला होता. यंत्रे बोर्ड खाली येईल अशी आडवी पाठवली असती तर कूलरचे वजन बोर्डावर सरळ बसले असते. ही चूक आमची होती आणि मी ती संस्थेपुढे त्याच दिवशी मान्य केली. मात्र खोकी आपटली कोणी, याचे उत्तर वाहतूकदाराने दिले नाही, आणि विम्याचा दावा पॅकिंग अपुरे असल्याचे सांगून नाकारला गेला.

वेळही अशी होती की त्या महिन्यांत आभासी चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डे जगभर उचलली जात होती. पैसे हातात असूनही कार्ड मिळत नव्हते, आणि आमच्या हातात तर पैसेही नव्हते. संस्थेला थांबणे शक्य नव्हते. त्यांनी नऊ यंत्रांचे काम आमच्याकडून काढून आमच्या जुन्या भागीदारांना दिले, ज्यांच्याकडे कार्डांचा साठा होता. येथपर्यंत माझी तक्रार नाही, कारण धंद्यात असे होते. परंतु त्यांनी संस्थेत आणि संस्थेबाहेर असे सांगितले की एवढा जड कूलर बसवणे हीच अडाणीपणाची गोष्ट आहे आणि आम्हांला केवळ स्क्रू आवळता येतात. ज्या कूलरची मापे त्यांनी आमच्या वहीतून नेली, त्याच कूलरविषयी ते असे बोलले. त्या वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत आमच्याकडे नव्या यंत्राचे एकही काम आले नाही. दोन कारागिरांपैकी एकाला मला जड मनाने निरोप द्यावा लागला. व्हर्नियर आणि सोल्डरिंगचे सामान सोडून कार्यशाळेतील जवळजवळ सर्व काही मी विकले.

त्या दिवसांत ताई आल्या. त्यांना झालेला प्रकार समजला होता. त्या म्हणाल्या, “दादा, माझे यंत्र चार वर्षे एकदाही बंद पडलेले नाही, मला आणखी दोन हवी आहेत, आणि पैसे आजच घ्या.” त्यांना दोन यंत्रांची खरोखर गरज होती की नव्हती, हे मी आजतागायत विचारलेले नाही. त्या दोन यंत्रांपासून आम्ही नियम केला. मोठा कूलर आणि कार्डे वेगळ्या खोक्यांत पाठवायची आणि ग्राहकाच्या जागी स्वतः जाऊन बसवायची. ज्यांना ते शक्य नसते त्यांच्या यंत्रात फुगणाऱ्या फोमच्या पिशव्या भरून कूलर व कार्डे सर्व बाजूंनी आधार देऊन, बोर्ड खाली येईल असे आडवे ठेवून पाठवायची. त्यानंतर आमचे एकही यंत्र वाटेत मोडलेले नाही.

त्याच संस्थेतून वर्षभराने फोन आला. भागीदारांनी दिलेल्या यंत्रांत मोकळ्या पंख्यांची कार्डे होती, आणि ती पहिल्या व तिसऱ्या स्लॉटमध्ये एकमेकांना खेटून बसवलेली होती. शेजारच्या दोन स्लॉटमधील अंतर २०.३२ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या व तिसऱ्यातील ४०.६४ मिलिमीटर असते आणि दोन स्लॉट जाडीचे कार्ड ते अंतर पूर्ण व्यापते, म्हणजे वरच्या कार्डाच्या पंख्यांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही. वरचे कार्ड ८४ अंशांवर जाऊन आपला वेग कमी करीत होते आणि रेंडरला लागणारा वेळ वाढत होता. मदरबोर्डवर चौथा स्लॉट मोकळा होता. आम्ही खालचे कार्ड त्यात हलवले, समोर एक पंखा वाढवला, आणि वरच्या कार्डाचे तापमान दुपारपर्यंत ७६ वर आले. या कामाबद्दल मी भागीदारांविषयी एक शब्दही बोललो नाही. वहीच्या एकसष्टाव्या पानावर मात्र त्याची नोंद आहे, आणि ते पान त्यांच्याकडे नाही.

पुढची वर्षे सुरळीत गेली.

२०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आले आणि मापांचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. ४५० वॅटचे हे कार्ड अनेक उत्पादकांनी साडेतीन स्लॉट जाडीचे बनवले, त्यामुळे साध्या मदरबोर्डवर दोन कार्डे बसवण्याचा विषयच संपला. आता अडचण जाडीपेक्षा रुंदीची आहे. सोळा पिनांची वीजजोडणी पूर्ण आत न बसल्यामुळे वितळल्याच्या घटना त्या वर्षी सर्वांनी वाचल्या. आम्ही जोडणीपासून पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवतो आणि त्यानंतरच वळवतो. म्हणजे कार्डाच्या कडेपासून पॅनेलपर्यंत तेवढी जागा हवी. उंच कूलर मावेल असे कॅबिनेट घेतले की ही जागा बहुधा मिळते, आणि म्हणूनच जे ग्राहक कूलर छोटा करून अरुंद कॅबिनेट मागतात त्यांना मी वहीतील पान उघडून दाखवतो. काही जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना मी काम नाकारतो, आणि तसे करण्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

ताईंचा २०१४ चा कूलर अजून चालू आहे. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, बदलले आणि गरज पडली तर उत्पादक नवे ब्रॅकेट पाठवतो, म्हणून तो इंटेलच्या पहिल्या बोर्डावरून एएमडीच्या एएम४ सॉकेटवर आणि तेथून त्याच ब्रॅकेटने एएम५ वर आला. मागील महिन्यात त्यांनी नवी रॅम आणली. कॅलिपरने मोजली तेव्हा तिची उंची ३६ मिलिमीटर भरली, म्हणून पुढचा पंखा चार मिलिमीटर वर सरकवला, कागद फटीतून फिरवून पाहिला आणि पॅनेल लावले. नोंद मी माझ्या अक्षरात केली आहे.