स्वप्नात केलेला रियाज हाताला लागतो का?

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं लक्षात येणं म्हणजे सजग स्वप्न. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे प्रश्न उलटा आहे. स्वप्नात घोटलेलं जागेपणी उतरतं का?

थोडं उतरतं. डॅनियल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी २०१० साली नाणी कपात टाकण्याचा प्रयोग केला. झोपण्याआधी २० फेकी, सकाळी पुन्हा २०. ज्या सात जणांना स्वप्नात सराव जमला, त्यांचे नेम सरासरी ३.७ वरून ५.३ वर गेले. पण प्रयत्न करणारे वीस होते, म्हणजे तेरा जणांची रात्र या बाबतीत फुकट गेली. ही पद्धत विकणारे हा आकडा सहसा सांगत नाहीत. पुढे २०१६ मध्ये बोटांनी ठरलेल्या क्रमाने कळा दाबण्याच्या प्रयोगात स्वप्नातल्या सरावाने २० टक्के, खऱ्या सरावाने १७ आणि नुसत्या मनातल्या सरावाने १२ टक्के सुधारणा दिसली. स्वप्न पहिलं आलं असं मात्र समजू नये. तिन्ही गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता.

असं होतं, कारण रेम झोपेत, म्हणजे बहुतेक ठसठशीत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, स्नायू जवळजवळ ढिले पडलेले असले तरी हालचालीची आखणी करणारा मेंदूचा भाग काम करत असतो. अडचणही तिथेच आहे. नाणं कुठे पडलं हे स्वप्नात तुमची स्मृती ठरवते, गुरुत्वाकर्षण नाही. त्यामुळे हाताला आधीच बसलेली गोष्ट पक्की होते, आणि हात चुकीचा बसला असेल तर चूकही पक्की होऊ शकते. तबल्याचा पाठ असलेला कायदा (बोलांची ठरलेली रचना) घोटायला हरकत नाही, नवा शिकायला गुरूच हवा. लयीवरही विश्वास ठेवू नये: मोजणीला स्वप्नात साधारण जागेपणीइतकाच वेळ लागतो, पण उठाबशांसारख्या हालचालींना सुमारे ४० टक्के जास्त लागल्याचं मोजलं गेलंय.

करून पाहायचं तर झोपल्यावर पाच तासांनी गजर लावा, कारण पहाटेकडे रेम झोप वाढते. अर्धा तास जागे राहा, मोबाइल नको. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा, त्यातली विचित्र जागा शोधा आणि तिथे आपल्याला ‘हे स्वप्न आहे’ हे कळलं, असं मनात पाहत झोपा. हे करताना लवकर डोळा लागला तर यशाची शक्यता वाढते. तासभर जप करत पडून राहिलात तर बहुधा झोपही जाते. दिवसा अधूनमधून नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायची सवय लावा. स्वप्नात श्वास चालूच राहतो, त्यावरून स्वप्न ओळखता येतं.

सजगता आली की आधी स्वप्नातच हात एकमेकांवर चोळा, म्हणजे स्वप्न टिकायला मदत होते. आनंदाच्या भरात पुष्कळ जण इथेच जागे होतात. मग एकच छोटं काम. उडायला जाऊ नका, मोह होतो! स्वप्नात डार्ट फेकण्याचा सराव करून पाहण्याच्या एका प्रयोगात ज्यांच्या स्वप्नात व्यत्यय कमी आले, त्यांचाच नेम सुधारला.

आठवड्यातून एक-दोन रात्रींपेक्षा जास्त नको. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायलाही अखंड झोपच लागते. निद्रानाश किंवा भास होण्याचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी सामना किंवा मैफल असेल, तर त्या रात्री गजर लावू नका.