जबाब कुठल्या भाषेत लिहायचा?

आमचं घर शिरपूर तालुक्यात, बोलणं अहिराणी. शाळेत ‘मना’ म्हटलं की गुरुजी ‘माझा म्हण’ म्हणायचे. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हे मी एम.ए.ला येईपर्यंत धरूनच चालले होते. मग धुळ्यात भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा नववा खंड हाती आला. त्याचा 1907 साली निघालेला तिसरा भाग भिल्ली भाषांचा, आणि त्यातच खान्देशी, म्हणजे आमची अहिराणी. वसतिगृहातल्या पावरा या आदिवासी समाजातल्या मुलींच्या बोलण्याला आम्ही हसायचो, त्यांच्या पावरी या भिल्ली बोलीच्याच शेजारी माझं पान होतं. लघुप्रबंधाचा विषय त्या दिवशी ठरला.

तो मंजूर व्हायला दोन महिने गेले. आदिवासींवरच करायचं तर होळी घे, दागिने घे, असं मला सांगण्यात आलं. मला वनजमीन कसणाऱ्यांच्या वन हक्क दाव्यातले जबाब बघायचे होते. 2006च्या वन हक्क कायद्याच्या नियमांत, दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला आहे. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायला ज्यांच्याकडे वनखात्याच्या दंडाच्या पावत्याही नाहीत, त्यांना हा मोठा आधार. पण माणूस बोलतो पावरीत आणि कागद होतो मराठीत. वाटेत काय काय गळतं?

एप्रिलमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात गेले. दिवस आमचुराचे, अंगणाअंगणात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. प्रश्न विचारला की उत्तर मराठीत, एका वाक्यात यायचं. म्हणून चार दिवस नुसत्या कैऱ्या सोलल्या. सोलता सोलता त्या अंगणातले म्हातारे बाबा पावरीत बोलू लागले आणि त्यांची नात मला अर्थ सांगू लागली. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, हे सगळं नेऊन तू ठेवणार कुठे? मला उत्तर देता आलं नाही. अंगठ्याची जागा सोडलेला छापील संमतीचा कागद पिशवीत होता, तो बाहेर काढायचं धाडस झालं नाही. पुढच्या ग्रामसभेत ठरलं: ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या वन हक्क समितीकडे राहील, आणि त्यांनी ऐकून हो म्हटल्याशिवाय एक ओळही प्रबंधात जाणार नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही अशा कामाला निघाला असाल तर आधी ग्रामसभेत जा.

मग बाबांचा जुना जबाब काढला. त्यात जमिनीबद्दल एकच ओळ होती: ‘सदर इसम डोंगरावर वडिलोपार्जित शेती करतो.’ तोच डोंगर मी बाबांच्या मागे चालत पाहिला तेव्हा अकरा नावं निघाली. उताराला नाव, नाल्याला नाव, मोहाच्या एका झाडाला नाव, खळ्याच्या सपाटीला वेगळं. साल विचारलं तर आकडा येत नसे. बहात्तरच्या दुष्काळात कुठला तुकडा पडीक राहिला, कुणाच्या लग्नाच्या वर्षी बांध घातला, असा हिशेब. कायद्याला हवा तो काळ त्यात पुरेपूर होता. लिहिणाऱ्याने ‘डोंगर’ लिहून पान उलटलं होतं.

प्रबंधात मी दोन रकाने आखले, डावीकडे देवनागरीत पावरी आणि उजवीकडे मराठी. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, बोलीला एवढी पानं कशाला? मी म्हणाले, 2003च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो आठव्या अनुसूचीत आल्या, भिल्ली अजून बाहेर आहे, आणि 2011च्या जनगणनेत तिचे भाषक एक कोटीच्या वर आहेत. हे लोक जबाब देतात तो याच भाषेत. आवाज कापत होता, पण बोलले.

बांधलेली प्रत घेऊन पुन्हा गावात गेले. नातीने डावा रकाना ग्रामसभेत वाचला. सातव्या नावाला बाबांनी हात वर केला. तो नाला खालचा, आपला वरचा. मी तिथेच पेनाने खोडून वरच्या नाल्याचं नाव लिहिलं. कॉलेजच्या प्रतीत चूक तशीच आहे. समितीने नव्या जबाबाला जोडलं ते पेनाने दुरुस्त केलेलं पान.