आमच्या नकाशात आखर नव्हता

सप्टेंबर 2022 ची गोष्ट. गायीबैलांच्या अंगावर गाठी आणणारा लंपी रोग ऑगस्टमध्ये जळगावकडून राज्यात पसरायला लागला होता अन आता वऱ्हाडात रोज नवीन गावाचं नाव येत होतं. मी काही ढोरांची डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्सवाली. एका प्रकल्पात माझं काम म्हणजे रोग पुढे कुठल्या गावात जाईल याचा कॉम्प्युटरवर अंदाज काढणं. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना देत होते, पण टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे गाठी आलेल्या गोठ्यात सुई घेऊन धावण्यापेक्षा रोगाच्या आधी पोचणं महत्त्वाचं.

मॉडेल साधंच होतं. गाव म्हणजे ठिपका, त्यात निरोगी, लागण झालेली अन बरी झालेली जनावरं, आणि दोन ठिपक्यांतलं अंतर वाढलं की लागण जायची शक्यता घटणार. किती घटणार हा हिशेब 2015 नंतर बाल्कन देशांत आलेल्या साथीवरून उचललेला, कारण आपल्याकडचा तसा डेटा हाताशी नव्हता. ग्रीसचा आकडा वाशीम जिल्ह्याला लावताना मला जरा तरी लाज वाटायला पाहिजे होती, पण स्क्रीनवर रंग असे छान दिसत होते ना.

तर अडाण नदीच्या काठचं एक गाव, नाव नाही सांगत, नकाशात हिरवंगार, म्हणजे धोका कमी. सगळ्यात जवळचं लागण झालेलं गाव चौदा किलोमीटरवर, म्हणजे लसीकरणाच्या पाच किलोमीटरच्या घेऱ्याच्या पार बाहेर. अन तिथल्या पशुधन पर्यवेक्षक दादांचा सकाळी फोन, "मॅडम, तुमच्या हिरव्या गावात सात जनावरं हायेत, या पाहाले."

दादांच्या मोटरसायकलवर गेलो. पहिल्याच गोठ्यात, तुराट्यांच्या कुडाला लागून, पांढरा बैल उभा. मानेवर सुपारीएवढ्या गाठी, पुढचा पाय सुजलेला, अंगावर कडुलिंबाचा पाला वाटून लावलेला. दादांनी एका गाठीवर बोट ठेवलं, खपली सुकून कडेनं सुटत होती. म्हणाले, हे या आठवड्यातलं नाही. आमच्या फाइलमधे मात्र लागणीची तारीख परवाची. म्हणजे मी ज्याला साथीचा पहिला दिवस धरत होते तो फक्त कोणीतरी तोंड उघडल्याचा दिवस.

मग दादांनी कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर मोबाइलवर टाकला. बैल निघाला भलत्याच तालुक्यातला, भलत्याच मालकाच्या नावावर. मालक खाली पाहत होता. "पोयाच्या आठ दिवस आंदी बजारातून आनला. गाठी आल्या तं सांगतलं नाही, बजार बंद केला असता, अन माह्या जुना जोड इकाचा होता." मला राग यायला पाहिजे होता पण आला नाही, जोडी विकूनच पेरणीची उधारी फिटणार होती त्याची.

एक बैल कळला. बाकी सहा? ते बाजारात गेलेच नव्हते, त्यातली चार तर पार नदीपलीकडच्या वाडीची. मी म्हटलं माश्या अन डास उडून गेले असतील. तिथं बसलेला गायकी, म्हणजे गावची ढोरं चारणारा, हसला. "काहून बाप्पा, उडाले कायले पाह्यजे? थे ढोरं अन आमचे ढोरं एकाच डोहावर पानी पेतात." काठीनं त्यानं आखरावरच्या, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेवरच्या, धुळीत रेघा ओढल्या. सकाळी इथं ढोरं जमतात, दुपारी या डोहावर, तिसऱ्या गावचा कळप बाभळीखाली बसतो. अन जे गाव आमच्या नकाशात दोन किलोमीटरवर, त्याच्याशी यांचा काही संबंधच नाही, मधात खोल नाला आहे. चावणारी गोमाशी एकाच जागी दाटीनं उभ्या ढोरांत एकावरून दुसऱ्यावर बसते, तिला सरळ रेषेतल्या किलोमीटरशी काय देणंघेणं.

मी वहीत ती धूळ उतरवून घेतली. रात्री दवाखान्याच्या खोलीत बसून मॉडेलमधे दोन नवीन जाळी टाकली, एक बाजाराचं, एक पाणवठ्याचं, अन लागणीची तारीख खपलीवरून मागे सरकवली, कारण लागण अन गाठी यात जागतिक पशुआरोग्य संघटना 28 दिवसांपर्यंतचा काळ धरते. नकाशाचा रंगच बदलला. बाजाराच्या रस्त्यावरची तीन गावं लाल झाली, घेऱ्याच्या बाहेरची. दुसऱ्या दिवशीच्या लसीचे डबे आधी तिकडे पाठवा म्हणून दादांनी वर सांगितलं, वरच्यांनी बरंच ऐकून दोन गावांना हो म्हटलं.

सकाळी सातला दादांच्या फोनवरून गायकीच बोलत होता. "मॅडम, एक डोह लिहाचा राह्यला."