स्पर्धेचं निवेदन लिहिताना

आज दिवसभर कथास्पर्धेच्या निवेदनावर काम झालं. मजकूर जेमतेम पानभर, पण एकेका शब्दावर थांबावं लागतं.

‘१५ तारखेपर्यंत’ असं लिहिलं, की १५ तारीख धरायची की नाही हा प्रश्न हमखास येतो. ‘१५ तारखेला रात्री ११.५९पर्यंत’ लिहिलं की विषय संपतो. शब्दमर्यादेचंही तसंच. ‘सुमारे २,००० शब्द’ म्हटलं की कुणी १,२०० पाठवतं, कुणी ३,५००. ‘१,५०० ते २,०००, शीर्षक वगळून’ असं स्पष्ट हवं. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, मागवावा. जुन्या फॉन्टमधली कथा तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे नाव. कथा कुणाची हे परीक्षकांना कळू नये, म्हणून कथेच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव नको, ते ईमेलच्या मजकुरात. फाइलचं नाव कथेच्या शीर्षकावरून. नाहीतर परीक्षकांना पाठवण्याआधी एकेक फाइल उघडून नावं खोडत बसावं लागतं आणि एखादं राहतंच.

लेखक निवेदनात आधी काय शोधतो? मुदत, शुल्क, बक्षीस, परीक्षक कोण. हे वरच्या चार ओळींत यावं. संस्थेची ओळख खाली गेली तरी चालते. शुल्क नसेल तर ‘प्रवेश विनामूल्य’ हे शब्द लिहायलाच हवेत, कारण काहीच लिहिलं नाही तर लोक शंका घेतात.

आणि हक्क! ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे’ हे वाक्य वाचून चांगला लेखक मागे फिरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. आयोजकांना एकदाच छापायचं असेल तर तेवढाच हक्क मागावा.