फोटोग्राफी आणि भरताची वांगी

आज रविवार म्हणून जळगावहून गावी आलो तर पुतणी वही घेऊन दारातच, काका हा शब्द कसा म्हणायचा, रिस्पॉन्सिबिलिटी. म्हटलं सोप्पंय, टाळ्या वाजवत तोड, रि-स्पॉन-सि-बि-लि-टी, सहा तुकडे. पण सहाही टाळ्या सारख्याच जोरात, आपण मराठीवाले तसंच बोलतो ना, कुठल्या एकाच तुकड्यावर मुद्दाम जोर देत नाही. इंग्रजीत मात्र एकावर ठोसा लागतो आणि बाकीचे दबतात. इथे तो बि वर.

आई शेजारीच काडीवर भाजलेली वांगी ठेचत बसलेली. मी म्हटलं आई जरा थांब, मी सांगेन तिथेच मुसळी हाण. फोटोग्राफ, फो वर धप्प. फोटोग्राफी, आता टॉ वर. फोटोग्राफिक म्हटलं की ग्रा वर! मूळ शब्द तोच पण शेपटी बदलली की ठोसा सरकतो. शेवटी इटी आली की तो बरोबर तिच्या आधीच्या तुकड्यावर जातो, रिस्पॉन्सिबल मध्ये स्पॉन वर होता तो म्हणूनच बि वर गेला, इलेक्ट्रिसिटीत ट्रि वर. मला हे कॉलेज संपल्यावर कळलं, शाळेत नुसतं स्पेलिंग दहादा लिहायला लावायचे 😅

मग पोरगी म्हणे व्हेजिटेबल मध्ये टेबल कुठंय? नाहीच्चे, बोलताना तीनच तुकडे, व्हेज-ट-बल. आपण उगाच टेबल मांडून बसतो.

आई म्हणे, काय शे हाई, भरीत थंड व्हई राह्यनं.