अंबोसेलीत माकडांनी माना वर केल्या तेव्हा

केनियात आलेल्या मराठी ग्रुपला पक्ष्यांसाठी गाडी थांबवलेली फारशी रुचत नाही. सगळ्यांना सिंह हवा असतो. सुपर्ब स्टार्लिंग मात्र आपणहून समोर येतो. अंबोसेली अभयारण्यातल्या लॉजवर जेवून आम्ही हिरवळीवर बसलो होतो, तर हे पक्षी थेट टेबलाखाली पावाचा चुरा टिपायला हजर. पाठीवर ऊन पडलं की निळी-हिरवी झळाळी, सावलीत शिरले की जवळजवळ काळे. पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. आतल्या सूक्ष्म कणांच्या रचनेमुळे प्रकाशातून हा रंग उमटतो. निळी छाती, तांबूस पोट, मध्ये पांढरी बारीक रेघ आणि डोळा पांढुरका. "अगदी मोरकंठी पैठणी!" आमच्या काकू म्हणाल्या.

पलीकडे पिवळ्या खोडाच्या बाभळीखाली वेर्वेट माकडांचा कळप होता, पिल्लांसकट. एवढ्यात वरच्या फांदीवरून एका स्टार्लिंगने स्वच्छ, सूर चढवत नेलेली शिट्टी मारली. माकडांनी लगेच माना वर केल्या. एकाही माकडाने आवाज दिला नव्हता! आयांनी पिल्लं पोटाशी ओढली आणि कळप झुडपात शिरला. आम्हाला मार्शल ईगल दिसला तो त्यानंतर. वेर्वेटची पिल्लं उचलणारा हाच तो गरुड.

हे मी वाचलेलं होतं. डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या संशोधकांनी 1980च्या दशकात याच अंबोसेलीत वेर्वेट माकडांना स्टार्लिंगचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पाहिले होते. स्टार्लिंगचे धोक्याचे कॉल दोन. शिकारी पक्ष्यासाठी ही शिट्टी, जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी खरखरीत कलकलाट. शिट्टी ऐकली की माकडं वर बघतात, कलकलाट ऐकला की झाडाकडे धावतात. परक्या जातीची भाषा, आणि तीही नेमकी कळते! डोळ्यांदेखत ते घडल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

ग्रुपमध्ये साताऱ्याकडचे एक शेतकरी आजोबा होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं बांधावर साप निघाला की साळुंक्याच आधी सांगत्यात. ही त्यांच्यातलीच का?"

"हो आजोबा, एकाच कुळातली."

"मग बरोबर हाय."

संध्याकाळच्या फेरीत सिंह दिसला नाही. तरी कुणी तक्रार केली नाही, उलट काकूंनी दोनदा ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. आता अंबोसेलीत जेवणानंतरचा अर्धा तास मी मोकळाच ठेवतो. तेवढा वेळ ग्रुपला त्या झाडांखाली बसवतो.