खालची घुर्रर्र

इंजिन बंद झालं, शिडात वारा भरला, आता निवांत म्हणून मी खालच्या बाकावर आडवा झालो. तर पाठीखालून घुर्रर्र! पाण्याच्या रेट्यानं नौकेचा पंखा आपोआप फिरत होता, त्याच्याबरोबर त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा दांडाही. सुकाणूवरच्या मित्राला ओरडून सांगितलं, “गिअर टाक की, थांबेल तो!”

“फिरू दे. थांबवला तर वेग जाईल.”

मला काही हे पटेना. मी हेलिकॉप्टर पुढे केलं. इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं कोसळत नाही. हवेनं फिरत राहिलेला पंखाच त्याला तोलून धरतो. म्हणजे फिरता पंखा जास्त अडवतो. मग नौकेचा धरून ठेवावा, हे उघडच नाही का? या युक्तिवादावर मी बराच वेळ खूश होतो.

खोट निघाली पात्यांत. हेलिकॉप्टरची पाती लांबलचक, अरुंद आणि जवळजवळ आडवी. ती थांबली तर हवेला मधून जायला मोकळं मैदान. नौकेची पाती आखूड, रुंद आणि चांगलीच पिळलेली. थांबवली की पाणी त्यांच्यावर आदळतं आणि मागे भोवरे उठतात. फिरू दिली तर ती पाण्याच्या कलानं घेतात. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी पंख्याचा हा अडथळा प्रत्यक्ष मोजला आणि २००८ साली निष्कर्ष छापला: धरलेला पंखा जास्त अडवतो. मात्र दांडा जड फिरत असेल, तर मोकळं सोडण्याचा फायदा घटतो.

म्हणजे मित्र जिंकला. पण वादाचा निकाल काही पाण्यात लागत नाही, तो गिअरबॉक्समध्ये लागतो. काही गिअरबॉक्सना इंजिन चालू असेल तरच नीट तेल मिळतं. दांडा तासन्‌तास नुसता फिरला तर आतले भाग कोरडे घासतात. काहींना मात्र न्यूट्रलच, म्हणजे दांडा मोकळा सोडणंच मानवतं. तेव्हा आधी आपल्या गिअरबॉक्सचं माहितीपुस्तक उघडावं. (ते नेहमी सगळ्यात खालच्या कप्प्यात, ओल्या दोराखाली असतं.) दांड्याचं बेअरिंग आणि पाणी अडवणारं पॅकिंगही फिरण्यानं झिजतं, ते वेगळंच. घडीचा पंखा असेल तर प्रश्नच मिटला. तो थांबवायचा, म्हणजे पाती मिटतात. मला आवडते ती दोन पात्यांवाल्यांची जुनी युक्ती: दांड्यावर रंगाची खूण करायची आणि पाती उभी करून तळकण्याच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी असलेल्या उभ्या कण्याच्या आड लपवायची.

आमचा तीन पात्यांचा, न मिटणारा, आणि पुस्तकाची परवानगी असलेला. म्हणून घुर्रर्र चालू राहिली. मध्यरात्रीनंतर केव्हातरी ती घोगरी होत गेली, मग अडखळली. डोळे न उघडताच कळलं, वारा पडतोय.

“इंजिन लावू का रे?” वरून आवाज आला.

“थांब जरा,” मी म्हटलं. “अजून फिरतोय.”